बिल्लेवाल्यांनी विचारायचं नसतं

वीस वर्षं मास्तरकी केली की किस्से न तपासलेल्या वह्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि उघडायचाही कंटाळा येतो. हे आमच्या जोगेश्वरीच्या शाळेतले, ऐंशीच्या दशकातल्या एकाच वर्षातले. सगळे एका निळ्या बिल्ल्याचे.

त्या जूनमध्ये आमचे हेडसर कुठलंसं शिबिर करून आले आणि माझ्या पाचवीची चाचणी घेतली. सात मुलं 'प्रज्ञावंत' निघाली. त्यांच्या छातीवर निळे बिल्ले लागले. वर्षाअखेरीस पुन्हा चाचणी, गुण घसरले की बिल्ला परत.

मी विचारलं, "सर, उरलेल्या बावन्नांना काय लावायचं?"

"बाई, तुमचं नेहमी उलटंच!"

मी निमूट सात नावं हजेरीपटात उतरवून घेतली. नोकरीत ती सवय लागतेच.

*

वर्गात अजय-विजय जुळे होते, ओळखू येऊ नयेत इतके सारखे. बिल्ला मिळाला अजयला. दिवाळीनंतर त्यांची आई सहज बोलून गेली, "घरात भांडणं नकोत म्हणून वाटून दिलाय हो. सोम-बुध-शुक्र हा लावतो, उरलेले दिवस तो."

मी घरी जाऊन शेरे आठवत बसले. ज्या दिवशी ज्याच्या छातीवर बिल्ला, त्या दिवशी मला त्याचंच अक्षर सुंदर दिसलं होतं.

*

मिलिंद सावंतलाही बिल्ला मिळाला होता. त्याचे वडील गिरणीतली नोकरी सुटल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. पालकसभा संपल्यावर ते एकटेच थांबले.

"बाई, माझो झिलगो मिलिंद आता नळार जाणा नाय. तेची आवस म्हणता, प्रज्ञावंत आसा, पाणी भरूचा नाय."

मी हसले. ते हसले नाहीत.

"पाण्याचा काय, मी भरतंय. पण पयले जेवताना प्रश्न विचारून माझा डोका खाय. आता गपचूप जेवता. तेवढा बघा."

*

खरंच होतं. जूनमध्ये तासाला दहा प्रश्न विचारणारा मिलिंद ऑगस्टपासून हात वर करत नव्हता.

"काय रे, प्रश्न संपले तुझे?"

"बाई, बिल्लेवाल्यांनी विचारायचं नसतं. विचारलं की कळतं ना, आपल्याला येत नाही ते."

"कोणी सांगितलं तुला असं?"

मग मलाच आठवलं. जुलैमध्ये भागाकार चालू असताना मीच म्हटलं होतं, "अरे, बिल्लेवाला ना तू? एवढंही येत नाही?" वर्ग हसला होता. ते वाक्य मला अजून टोचतं.

*

जानेवारीत जोगेश्वरीच्या गुंफेत सहल नेली. सर माहिती सांगत होते, डोंगर वरून खाली कसा कोरत आणला वगैरे. मिलिंद एका खांबाला हात लावून उभा होता. त्याने तोंड उघडलं, सरांकडे पाहिलं आणि मिटलं. परतताना मी विचारलं, "काही विचारायचं होतं का रे?" त्याने मान हलवली, नाही म्हणून.

*

एप्रिलमध्ये दुसरी चाचणी झाली. मिलिंदचा पेपर माझ्याकडे आला. वर नाव आणि हजेरी क्रमांक, वळणदार अक्षरात. खाली चारही पानं कोरी.

सरांनी डोक्याला हात लावला. "एवढा हुशार मुलगा, वाया गेला." बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गणित लिहून वळले. तिसऱ्या बाकावर हात वर होता.

"बाई, त्या गुंफेतले खांब नंतर आणून लावले, की आधीपासून डोंगरातच होते?"