कमरेकडे जाणारा हात

आमचा चंद्रावरच्या गोळीबाराचा गेम बाजारात यायला आठवडा उरला होता. कोपरखैरण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही तो लोकांना फुकट खेळायला ठेवला होता आणि मी वहीत तक्रारी लिहून घेत होतो. बंदुकीत दम नाही, उडी मारली की माणूस तरंगतच राहतो. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

तेवढ्यात बोनकोड्याचे एक पन्नाशीचे काका खुर्चीत बसले. अंगात तळोज्याच्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट होता. गेममधला माणूस हवेत उडाला, की काकांचा डावा हात कीबोर्ड सोडून कमरेकडे जायचा आणि काहीतरी चाचपायचा. तोवर समोरचा त्यांना गोळी घालायचा. चार वेळा असेच मेले.

"काका, हात कीबोर्डवर ठेवा ना!" मी खेकसलो.

"सवय हाय. कंपनीत टाकीवर चढलो की कमरेच्या पट्ट्याचा हूक लावल्याशिवाय पाय उचलत नाय आमी." मग म्हणाले, "तुझा मानूस खाली यायला लय वेळ लावतो."

"चंद्रावर असंच होतं. तीच तर मजा आहे."

ते स्क्रीनकडेच बघत राहिले. "माझा जोडीदार टाकीवरून पडला. त्या दिवशी हूक लावला नव्हता त्यानं. त्याला पन खाली यायला असाच वेळ लागला. मी वरून बघत होतो. तुझ्या मानसाला धरायला कायतरी दे."

उठून गेले. मी नावही विचारलं नाही.

आता गेममधल्या प्रत्येक भिंतीला धरायला कड्या आहेत. खेळ सोपा झाला, कड्या काढा, अशी तक्रार रोज येते. तेवढी एक मी वहीत लिहीत नाही.