जीपमधला उंदीर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही. देवापुढेसुद्धा मी हा विषय टाळतो, कारण आमच्या देव्हाऱ्यात गणपती आहे आणि गोष्टीत उंदीर आहे.

म्हणजे — उंदीर नाहीच. तीच तर गोष्ट आहे.

थांबा, नीट सांगतो. मी अल्लीपूरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि पिपरी मेघेला मामांकडे राहायला आलो. पहिल्या वर्षाला आम्ही फक्त रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे ओळखायला शिकत होतो, पण मामा चारचौघांत मला ‘आमचे इंजिनिअर’ म्हणायचे. मी एकदाही ‘नाही हो’ म्हटलं नाही. चूक तिथेच सुरू झाली का? असेल.

मामांच्या शेजारी वानखेडे काका, सोयाबीनचे व्यापारी. दोन्ही घरांना मिळून एकच शेड होती — एका टोकाला काकांची पोती, दुसऱ्या टोकाला मामांची जुनी जीप. दोघांची दोस्ती इतकी, की रोज संध्याकाळी एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा दोघं खायचे. काकांच्या मुलीचं, ज्योतीताईचं लग्न ठरलं, तेव्हा मामांनी जाहीर केलं की बँड लावायचा नाही. जानोशापासून, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथून, मांडवापर्यंत नवरदेव त्यांच्याच जीपमधून येणार, तोही गाण्यांसकट. त्यासाठी त्यांनी मागच्या सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतला आणि लोखंडी पेटीएवढे दोन स्पीकर.

आता अडचण अशी, की आवाज वाढवला की जीपचे दिवे मिचमिचायचे आणि जरा वेळाने सगळंच गप्प. बॅटरीपासून मागे गेलेल्या वायरचा फ्यूज उडायचा. नवा घातला की तोही उडायचा. मामा म्हणाले, मिस्त्रीला बोलावू. आणि मी — मी म्हणालो, “कशाला? मी बघतो ना.”

मी काय बघितलं? फक्त फ्यूज. वायर बॉनेटमधून आत यायची, तिथे पत्र्याच्या भोकाची धार तिला घासत होती. हे दिसायला गुडघे टेकून खाली वाकावं लागलं असतं. माझी पँट नवी होती.

फ्यूज उगाच उडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? चाचणी परीक्षेत मी ते लिहिलं होतं, पाचपैकी चार मार्कही मिळाले होते. तरी मी पानठेल्यावर गेलो, सिगरेटचं रिकामं पाकीट मागितलं आणि त्यातला चांदीचा कागद उडालेल्या फ्यूजला गुंडाळला, म्हणजे वायर कितीही तापली तरी तो आता उडणार नव्हता. भीती एकच वाटली — पाकीट हातात बघून कुणी बाबांना काही सांगेल.

गाणं वाजलं! दिवे अजून मिचमिचत होते, पण मामांच्या मते तेही नाचून राह्यले होते.

चार दिवसांनी दुपारी मामा आणि काका लग्नाच्या पत्रिका वाटायला आर्वीला निघाले. जीप कोपऱ्यावर पोचली आणि आतून धूर निघाला. काका पत्रिकांचा गठ्ठा पोटाशी धरून बाहेर पडले. मामांनी बॉनेट उघडून वायर उपटली. इजा कुणालाच झाली नाही. गाडी ढकलत शेडमध्ये आणली. वायर गुळाच्या पाकासारखी झाली होती. गल्ली जमली. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“काऊन झालं बा असं?”

मी सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. पण माझी नजर पोत्यांवर गेली, आणि —

“उंदीर,” मी म्हणालो. “उंदरानं वायर कुरतडली.”

मामा लगेच काकांकडे वळले. “कवाचा सांगून राह्यलो तुले, पोते हालव म्हणून!”

“माह्या पोत्यात उंदीर नाई,” काका म्हणाले. “तुह्याच शिटाखाली घर करून असन.”

“म्हणजे इंजिनिअर खोटं बोलते काय?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरकडे पाहिलं, फार अभ्यास चालू असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पिंजरा आणून लावला. उंदीर नाही, हे सिद्ध करायला! रोज सकाळी रिकामा पिंजरा ते मामांच्या नाकासमोर धरायचे. नवव्या दिवशी मात्र त्यात एक उंदीर सापडला. सोयाबीनच्या पोत्यांत तो असणारच, पण बिचाऱ्याने वायरला तोंडही लावलेलं नव्हतं. मामांनी पिंजरा गल्लीभर मिरवला. काका म्हणाले, हा तूच आणून टाकला. त्यानंतर दोघं जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. उंदीर निघाला एकदाचा.

आठवड्याच्या आत शेडच्या मधोमध टिनाचे पत्रे ठोकले गेले. ते अजून आहेत. आता मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षांत सांगायची संधी मिळाली नाही, असं म्हणू? रोज मिळाली. रोज सकाळी त्या पत्र्यांना सायकल टेकवलेली असते, ती काढून मी कॉलेजला जातो.

ज्योतीताईच्या लग्नाला शेवटी बँडच आला. तो दारावरून गेला तेव्हा मामांनी खिडक्या लावल्या आणि पंखा फुल केला. त्यांना बोलावणंच नव्हतं. मला होतं. पोराचा काय दोष, असं काका सगळ्यांना सांगत होते.

मी गेलो. पंगतीत बसलो. काका स्वतः बुंदीची बादली घेऊन माझ्यासमोर थांबले. डोळे लाल होते त्यांचे — मुलीमुळे असतील, मी विचारलं नाही. दोन मुठी बुंदी त्यांनी माझ्या पत्रावळीवर टाकली.

“घे बाबू,” म्हणाले, “तुह्या मामाच्या वाट्याचंबी तूच खा.”

मी खाल्लं. सगळं.