झडतीबाई

डॉक्टरीणबाईंना सगळे "झडतीबाई" म्हणत, आणि उगाच नव्हे. ताप घेऊन कुणी आलं की त्या नखशिखांत तपासत. कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखालीसुद्धा.

"बाई, ताप आलाय, चोरी नाही केली," असं एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही हो, चोर दुसराच आहे. वळा!"

हा चोर म्हणजे गवतातला एक किडा, डोळ्यांना न दिसणारा. तो चावला की स्क्रब टायफस होतो. ताप अगदी डेंग्यूसारखा, मलेरियासारखा, टायफॉइडसारखा, भलेभले फसतात. पुष्कळदा चावल्या जागी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी. ना दुखत, ना खाजत, आणि असते नेमकी झाकल्या जागी. वेळेत सापडली तर औषधाने माणूस उठून बसतो, नाहीतर हातचा जातो.

अशा बाईंच्या घरात सासूबाई तापाने फणफणल्या. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडही नाही. ताप काही हटेना. बाईंनी नाडी पाहिली, छाती ऐकली, पण कपड्यांवरूनच. जगाची झडती घेणारी ही बाई घरात मात्र सून होती, आणि सासूबाई सुनेसमोर केससुद्धा मोकळे सोडत नसत.

मग एका दुपारी सासूबाईंना धाप लागली. पोटच्या मुलाकडे बघून त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

बाईंना आपली चूक कळली. चूक कळल्यावर रडत बसणारी माणसं पुष्कळ असतात. ही त्यातली नव्हती. सासूबाईंना दवाखान्यात आणलं, नवऱ्याला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि सरळ बटणांना हात घातला. तेवढ्या ग्लानीतही सासूबाईंनी तिचा हात पकडला.

"लाज सोडलीस का गं?"

"सोडली. तुम्हीही सोडा, आई. मला तुम्ही हव्या आहात."

पकड सैल झाली. स्तनाखालच्या घडीत खपली होती, काळीकुट्ट. घरामागचं गवत स्वतःच उपटायचा सासूबाईंचा हट्ट भोवला होता. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं.

ताप उतरला. सासूबाईंनी मुलाला ओळखलं, वर "दाढी कर" म्हणून दटावलंही.

"मी आधीच बघायला हवं होतं, आई."

"मला दिसली होती ती खपली. म्हटलं, सुनेला काय हे दाखवायचं?"

शेजारच्या खाटेवर तापाची नवी बाई आली होती. डॉक्टरीणबाई जवळ जाताच तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. सासूबाई कोपरावर रेलून उठल्या.

"अगं, लाजेपायी मी मरत होते. सगळं दाखव तिला. माझी सून आहे ती!"