शुभवार्तेचं देणं

“अक्षराचं नाव नको सांगू, त्याचा आवाज काढ,” झाउरेश म्हणायची. आमच्या गल्लीतली पाच-सहा पोरं तिच्या स्वयंपाकघरात अशीच वाचायला शिकली. तिची स्वतःची मुलगी इंकार मात्र तिला नावानेच हाक मारायची आणि आजीला ‘आपा’, म्हणजे आई. आम्हा कझाकांकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशीच झाउरेशच्या सासूने इंकारला आपलं मूल म्हणून कुशीत घेतलं होतं.

तो सगळा हिवाळा झाउरेशने इंकारला शिकवलं. पहिला शब्द वाचला की पोर धावत आपल्याकडे येईल, एवढंच तिला हवं होतं.

त्या दिवशी मी दूध द्यायला गेले होते. इंकारचं बोट पुस्तकावर सरकत होतं. “न... आ... न. नान!” चुलीपाशी उभ्या झाउरेशच्या बाजूने ती बाहेरच्या खोलीत सासूकडे पळाली. “आपा, मी वाचलं! बक्षीस दे!”

“वाघीण गं माझी!” सासूने तिच्या हातावर सुकं चीज ठेवलं. “जा, झाउरेशकडूनही माग. शुभवार्ता आणणाऱ्याला शेजारीसुद्धा रिकामं पाठवत नाहीत.”

पोरीने आत येऊन झाउरेशपुढे हात पसरला. झाउरेशने कानातली कुडी काढून त्यावर ठेवली आणि ती घराबाहेर निघून गेली.