जपान, आपण आणि दत्तूनानांची वखार

"नाना गेले," एवढंच दत्तूनानांचा थोरला, अशोक, सायकलवरून न उतरता म्हणाला. मी पायरीवर दाढी करत बसलो होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. महिना उलटला, तरी माझा राग जात नाही. कुणावर आहे, तेही धड सांगता येत नाही.

पुणतांब्यात नानांची लाकडाची वखार. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि शाळा सुटली की तिथं जाऊन भांडायचो. भांडण एकच... जपान आणि आपण. एके काळी ब्रह्मदेशचा साग रेल्वेनं इथल्या स्टेशनात उतरायचा. सोयरिकीला पाहुणा यावा तसे नाना ओंडक्याला सामोरे जायचे. पुढे परदेशी चलनाची ओढाताण सुरू झाली आणि बाहेरचं लाकूड आटत आटत बंदच झालं. जपानचं उलटं. लढाईत राखरांगोळी झालेला तो देश फिलिपाईन्सचं, बोर्निओचं कठीण लाकूड बोटी भरभरून न्यायला लागला, त्याचं प्लायवूड अमेरिकेला विकायला लागला आणि स्वतःच्या डोंगरांवर मात्र झाडं लावत बसला.

"आपण चलन वाचवलं, नाना. स्वावलंबन म्हणतात याला," मी ऐटीत म्हणायचो.

"व्हय मास्तर, चलन वाचलं. आन झाडं? जपान बी काय साधू न्हाई. त्यो लांबचा डोंगर बोडका करतो, आपन दारातला. एवढाच फरक हाय."

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही. गोदावरीत वाळू उरली. मुंबईच्या व्यापाऱ्याला खोक्यांसाठी आंब्याचं लाकूड हवं होतं आणि विहिरी आटलेल्या लोकांनी बांधावरचे आंबे विकायला काढले. नानांनी हात जोडले. "जितं झाड माज्या करवतीखाली येनार न्हाई." करवत बंद पडून राहिली, कामगार घरी बसले. शेवटी अशोक म्हणाला, "नाना, आपन न्हाई कापलं तर राहात्याचा वखारवाला कापील. झाड काय वाचनार हाय का?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायानं भुसा उकरत बसलो, कसला डोंबलाचा भूगोलाचा मास्तर!

नाना स्वतः करवतीपाशी उभे राहिले. गावातले आंबे एकामागून एक आडवे झाले. त्यानंतर मी मुद्दाम जपानचा विषय काढायचो, निदान खवळतील म्हणून. "ऱ्हाऊ द्या मास्तर," एवढंच म्हणायचे. जेवण तुटलं, मग बोलणं तुटलं... डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं आजाराचं. मला ते पटलेलं नाही.

वखारीत लाकडाला तोटा नव्हता, पण होतं ते सगळं ओलं. वाळलेलं केव्हाच खोकी होऊन मुंबईला गेलं होतं. नदीच्या वाळूत आम्ही आंब्याच्या हिरव्या लाकडांची चिता रचली. पेटेना. रॉकेल ओतलं, तरी नुसता धूर. लोक डोळे पुसत मागं सरकले. अशोक एकटाच तिथं उभा राहून ओरडला, "नाना, आता तरी ऐका की वो!"

पाय अजून संध्याकाळी वखारीकडे वळतात. करवत चालू असते. अशोक "या मास्तर, बसा," म्हणतो. बसू कुठं? नानांच्या बाकड्यावर ताजे ओंडके रचलेले असतात. आंबे संपले. आता चिंचा यायला लागल्यात.