तेल लागलेला माणूस

"टायफॉईड आहे," अलिबागच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. एवढ्या झोकदार नावाचं दुखणं आमच्या घराण्यात आजवर कोणाला झालं नव्हतं, हा माझ्या मनातला पहिला विचार.

टायफॉईड म्हणजे आपला मुदतीचा ताप. त्यात आतड्यांना आतून जखमा होतात. "यावर औषध नाही," डॉक्टरांनी सांगितलं. "ताप मुदत भरली की उतरेल, तोवर टिकायचं. ताकाची निवळ आणि बार्लीचं पाणी द्या. मायेपोटी कोणी भाताचा घास भरवला, तर परफोरेशन होईल, म्हणजे आतड्याला भोक पडेल. मग माझ्या हातात काही नाही." माझ्या बायकोला, मारियाला, तेव्हा दिवस गेले होते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला बैलगाडीत घालून घरी आणलं.

रेवदंड्याच्या खाडीकाठी आमचं ख्रिस्ती वस्तीचं लहानसं गाव. तिथल्या शाळेत मी मास्तर. त्या उन्हाळ्यात गाव खाडीला नवा बांध घालून खारजमीन काढणार होतं, आणि जो बांधावर राबेल त्याला जमिनीत वाटा. नव्या खारीत लगेच भात पिकत नाही, काही पावसाळे नुसतं मीठ धुऊन जावं लागतं. तोवर आपलं पोर जेवायच्या वयाचं होईल, असा मारियाचा हिशेब. म्हणून मी वाटा मागून ठेवला होता.

तापातले दिवस सलग आठवत नाहीत. भरतीचं पाणी हळूच खाटेखाली यायचं आणि खाट तरंगायला लागायची. मग आई दिसायची. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण ती अंगणात बसून सुका जवळा निवडत असायची आणि मी लहान होऊन तिच्या मांडीला टेकायचो. कोणालाच कसली घाई नव्हती. ऊनही कधी कलत नसे. मारियाची हाक फार लांबून यायची आणि मला तिचा राग यायचा. ज्यांना हा ताप येईल त्यांना सांगून ठेवतो, आतड्याचं भय डॉक्टर सांगतातच, पण तिथे आत फार गोड वाटतं, हे कोणी सांगत नाही.

एके दिवशी नाडी बुडाली. पाद्रींना बोलावलं. त्यांनी माझ्या डोळ्यांना, कानांना, ओठांना, हातापायांना मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं. बाहेर बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि कोणीतरी शवपेटीसाठी फळ्याही पाहून आला. त्यानंतर ताप उतरू लागला. माझं मरायचं राहून गेलं.

पण आमच्या गावात एक समजूत होती. तेल लागलेला माणूस देवाचा झाला. तो जगला तरी त्याने नवं काही सुरू करायचं नाही. बी पेरायचं नाही, पाया घालायचा नाही, कारण त्याने हात लावलेलं टिकत नाही. बांधाचे पुढारी जुजेबाबा स्वतः घरी आले. माझी पेज कशी पचते, झोप कशी लागते, सगळं मायेनं विचारलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा हात बांधाला लागला तं बांध ऱ्हायाचा न्हाय. तुमी आता निवांत बसायचा."

मी बसलो. मला ते आवडलंही. शेजारी येत, जुन्या गोष्टी निघत, आणि ते गेले की मी भिंतीला टेकून डोळे मिटायचो. आई तिथेच असायची, मी तिच्याशी पुटपुटत असे.

मारियाने बरेच दिवस सोसलं. मग एकदा पेजेचा वाडगा पुढ्यात ठेवून म्हणाली, "तुमी आयशीकडं रोज जाताव. ह्याच्याकडं कवा येनार?" तिचा हात पोटावर होता. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या तपासणीला दवाखान्याच्या पडवीत बराच वेळ थांबावं लागलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "रिलॅप्सचं, म्हणजे ताप उलटण्याचं भय आता नाही," ते म्हणाले. मी विचारलं, माती उचलली तर चालेल का? "बेताबेताने उचला. भ्यायचं काय त्यात?"

ईस्टरला देवळात मिस्साच्या प्रार्थनेला गेलो. पाद्री म्हणाले, येशूसोबत फिरणाऱ्या बायका मेलेल्या प्रभूला लावायला सुगंधी तेलं घेऊन थडग्याशी गेल्या, आणि थडगं रिकामं, प्रभू जिवंत उठला होता. तेल त्यांच्या हातातच राहिलं. मिस्सा संपल्यावर मी त्यांना गाठून माझ्या तेलाचं विचारलं. ते हसले. त्या तेलाची लॅटिन प्रार्थना त्यांनी मला मराठीत करून सांगितली. आजाऱ्याला बरं कर आणि त्याला त्याच्या कामावर परत पाठव, असं मागणं तिच्यात आहे. गावाने आणि मी ते तेल उलटंच समजून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी बांधावर गेलो. माणसं रांगेने उभी राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होती. मी रांगेत घुसलो. शेजारच्याने ढेकूळ हातात धरून ठेवलं आणि मान खाली घातली. रांग थांबली. मी पाद्रींनी सांगितलेलं सगळं मोठ्याने सांगितलं.

"आनि बांध फुटला तं?" जुजेबाबांनी विचारलं.

"तर परत बांधू. मी येईन."

ते माझ्या शेजारच्याकडे वळले. "दे त्यांच्या हातात," ते म्हणाले.

ढेकूळ गार आणि जड होतं. मी ते पुढे दिलं आणि लगेच दुसरं आलं.

काम थांबल्यावर मी माझा वाटा कुठे ते विचारलं. जुजेबाबांनी बोट दाखवलं. तिथे राखाडी चिखल होता, त्यावर कुर्ल्या पळत होत्या. तिथे भात डोलेल तेव्हा मी असेन की नाही, कोण जाणे. मी तिथेच चिखलात गुडघे टेकले आणि अजून न पाहिलेल्या वर्षांबद्दल देवाचे आभार मानले.