चन्नबसम्माकाकूंची चाळीस मिनिटं

समजा, सकाळचे सहा वाजलेत. तुमची आंघोळ झालीय, केस अजून ओले आहेत. तळहातावर चिंचोक्यापेक्षा जरा मोठी अशी दोन काळी यंत्रं आहेत. त्यातलं एक उचला. एका हातानं कानाची पाळी मागं ओढा, रबराचं टोक आत ठेवा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं थोडं मागं वळवा. नीट बसलं की रस्त्यावरचा आवाज एकदम लांब जातो. दुसऱ्या कानालाही तेच करा. आता चाला. धाप लागली पाहिजे, पण गुदमरायला नको, एवढ्या वेगानं. चाळीस मिनिटं, मध्ये कुठंही न थांबता.

यात काय अवघड आहे असं वाटत असेल, तर तुमचं बोरी गावात किराणा दुकान नसणार.

चन्नबसम्माकाकूंचं आहे. म्हणजे पाटीवर नाव त्यांच्या मालकांचं, लिंगराजकाकांचं. पण कोणतं पोतं कुठं ठेवलंय आणि कोणाच्या घरी कोणतं साबण चालतं, ते काकूंना ठाऊक. वय बावन्न. पहाटे साडेचारला उठतात, पाणी भरतात, आंघोळ करून लिंगपूजा करतात. मग कपाळाला, गळ्याला आणि दोन्ही कानांना विभूती लावतात. पूजेआधी त्या उंबरा ओलांडत नाहीत. दिवसभर दुकानात उभं राहायचं, मध्येच स्वयंपाक, पुन्हा दुकान. बसल्या की लगेच उठावं लागतं, म्हणून त्या बसायचंच टाळतात.

मागच्या दिवाळीनंतर त्यांची शुगर वाढली. डिसेंबरच्या शेवटी जिंतूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चाळीस मिनिटं सलग, भरभर चाला म्हणून सांगितलं. "तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. उतरली नाही तर इंजेक्शन सुरू करावं लागेल." काकूंच्या आईला इंजेक्शन होतं. शेवटी शेवटी तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली होती, आणि ती जखम रोज काकूच धुवायच्या. एसटीनं परत येताना त्या खिडकीकडं बघत एवढंच म्हणाल्या, "मला सुई नको."

दुसऱ्या दिवसापासून त्या जिंतूरच्या रस्त्यानं कापसाच्या जिनिंग मिलपर्यंत जायला लागल्या. पण दुकानदाराची बायको रस्त्यात दिसली की लोकांना दुकानच दिसतं.

"काकू, पोहे जाडे आले का पातळ?"

"काकू, घरी सांगा की, तेलाचा डबा ठेवा म्हणावं."

सरजाबाई तर दोन गल्ल्या सोडून राहणारी जुनी मैत्रीण. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. "वहिनी, साखर कामून संपली हो तुमच्याकडली?"

"माझ्याकडली संपंना म्हणून तर चालायलेय!" काकू म्हणायच्या. दोघी हसायच्या, आणि दहा मिनिटं जायची. जिनिंगचं गेट येईपर्यंत दुकान उघडायची वेळ व्हायची. काकू अर्ध्यातून माघारी.

त्यांची मुलगी धनश्री पुण्यात नोकरीला आहे. संक्रांतीला आली तेव्हा तिनं आईला ही कानातली यंत्रं आणली, फोनला जोडून दिली, त्यात भजनं भरून दिली. आणि नवल झालं. कानात काही घातलेल्या माणसाला बोरीत कोणी हाक मारत नाही. लोकांनी हात करायचा, काकूंनी मान हलवायची, झालं. सरजाबाईसुद्धा कानाकडं बोट दाखवून बाजूला व्हायला लागली. काकूंची चाळीस मिनिटं पहिल्यांदा चाळीस झाली.

मी त्यांच्याच गल्लीत राहते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, घरी बसून मोबाइल आणि चार्जर दुरुस्त करते. मार्चच्या सुरुवातीच्या एका दुपारी काकू माझ्या टेबलापाशी आल्या आणि पदरातून त्या यंत्रांची डबी काढली.

"राजेश्री, यातून करंट मारतो का गं?"

"न्हाई काकू, कामून?"

"उजवा कान लय खाजायलाय. पंधरा दिस झाले. रात्री ठणकतो बी."

मी रबराची टोपी काढून भिंगाखाली धरली. आत बारीक जाळी असते, आवाज तिथूनच बाहेर पडतो. जाळी दिसतच नव्हती. वर पांढरट पिवळा थर, गिलावा केल्यासारखा. मळ मी रोज बघते. हा मळ नव्हता. नखानं उकरला तर भुकटी पडली आणि बोट तेलकट झालं.

"काकू, हे भस्म हाय. आन् तेल कुठून आलं?"

"मीच लावते की. कोमट करून, लसूण घालून. खाज बी थांबती आन् ते आत सरकन बसतं."

"रोज?"

"रोज. निघायच्या आधी."

मी त्यांना सगळं विचारून घेतलं. आंघोळीनंतर कान कोरडे करत होत्या का? नाही, पूजेची घाई. घाम आल्यावर काय करायच्या? धनश्रीनं पुसून ठेवायला सांगितलं होतं, म्हणून पदरानं पुसायच्या. त्याच पदरानं कपाळ पुसलेलं असायचं. मग ओलसरच डबीत ठेवून झाकण लावायचं.

"लोणच्याच्या बरणीत ओला हात घातला तर काय होतं?" मी विचारलं.

"बुरशी धरती."

"तेच. पाणी, घाम, तेल, भस्म, आन् वरून रबराचं बूच. तुमी रोज चाळीस मिनिटं बरणी बंद करायल्या."

काकूंनी डबी उलटी करून आत बघितलं. मी मात्र उत्साहात आले. टोपी काढून वेगळी धुवायची, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही. यंत्र पाण्याखाली कधीच धरायचं नाही, जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशनं झाडायची. घाम वेगळ्या कोरड्या कपड्यानं पुसायचा, अर्धा तास उघड्यावर ठेवून मगच डबीत. विभूती चालून आल्यावर लावायची—

"ते न्हाई व्हायचं," काकू म्हणाल्या.

"मग कपाळाला लावा, कान तेवढे नंतर."

त्यांनी यावर विचार केला आणि हळूच मान डोलावली.

मी जाळी साफ केली. वाजतंय का बघायला फोनला जोडायला गेले, तर दोन्ही यंत्रं मेलेली. चार्जर लावला तेव्हा कुठं दिवा लागला.

"काकू, हे चार्ज कधी केलं होतं?"

"दीड महिना झाला असंल."

"मग भजन कसं ऐकत होत्या?"

"कोण ऐकतंय?" त्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना एवढं टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पयले आठ दिस ऐकलं. मग बंद पडलं, तर म्हटलं राहू दे. दिवसभर कोणी न कोणी बोलायलंच असतं माझ्याशी. तेवढा वेळ कोणी बोलत न्हाई, तेच लय झालं."

मी त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. कानात बुरशीच होती. डॉक्टरांनी कान साफ केला, थेंब लिहून दिले आणि तेलाचं नाव काढू नका म्हणाले. आंघोळीला कापसाचा बोळा, आणि तीन आठवडे कानात दुसरं काहीच घालायचं नाही. काकूंनी बोटं मोजली. रक्त तपासायला चोवीस दिवस राहिले होते.

पहिल्या सकाळी मीही त्यांच्याबरोबर निघाले. मारुतीच्या पाराजवळच सरजाबाईनं गाठलं. "आज मोकळ्या दिसायल्या वहिनी! मशीन मोडलं का?" मग कान, मग डॉक्टर, मग सरजाबाईच्या सुनेचा कान. पुढं दोघांना डाळीचा भाव हवा होता. एकाला लिंगराजकाकांना निरोप द्यायचा होता, जे त्याच्या घरापासून शंभर पावलांवर बसलेले होते. मी घड्याळ लावलं होतं. सलग चालणं सगळ्यात जास्त झालं ते सहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कानाला रुमाल बांधला. त्यानं तर कहरच झाला. "दाढ दुखायली का?" "वारं लागलं का?" तिघींनी थांबवून तीन औषधं सांगितली. त्यातलं एक लसणाचं तेल होतं.

तिसऱ्या दिवशी त्या निघाल्याच नाहीत. मी दुकानात गेले तेव्हा त्या गव्हाच्या पोत्यापाशी उभ्या होत्या. पायाचा अंगठा चपलेतून बाहेर काढून त्याच्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "काकू, कानाबाहेर हाडावर बसणारी यंत्रं मिळतात. त्यांनी कान उघडा राहतो. मी मागवते."

"पुन्हा यंत्रच?"

"मग सरळ सांगा की त्यांना. आता न्हाई, चालायलेय म्हणावं."

"सांगितलं काल." त्या पोत्याला टेकल्या. "सरजाबाईला. बाई गं, थांबू नको म्हटलं, मला चालायचंय. तर तिचं तोंड एवढंसं झालं. दुपारी यांना येऊन म्हणती, वहिनीचं काय बिनसलंय? दुकान चांगलं चाललं तर डोक्यात गेलं का? हे बी मलाच म्हणाले, दोन शब्द बोललं तर काय बिघडतंय तुझं."

गिऱ्हाईक आलं. काकूंनी अर्धा किलो रवा तोलला, पुडी बांधली, सुटे परत दिले, आणि त्याच्या आईची तब्येत विचारली. तो गेल्यावर माझ्याकडं वळल्या.

"तू शिकलेली हाईस, तूच सांग. कानात मेलेलं मशीन होतं, तर सगळं गाव बाजूला व्हायचं. कोणाला राग न्हाई, लोभ न्हाई. आन् मी तोंडानं म्हटलं, मला चालायचंय, तर तेवढं कारण पुरत कामून न्हाई गं?"